डिशवॉशर गळतोय? आधी पाणी कुठून येतंय ते बघ

बाळा, डिशवॉशरखाली पाणी दिसलं की आधी भिंतीवरचं बटण बंद कर, मग पाण्याचा नळ. पाणी प्लगपर्यंत पोचलं असेल तर त्या बटणालाही हात लावू नको, घराचा मेन स्विच पाड. दुरुस्ती की नवं, हा विचार त्या दिवशी करूच नको. पाणी किती सांडलं याला फारसा अर्थ नसतो, ते कुठून आलं याला असतो. दारातून बादलीभर आलेलं पाणी पुष्कळदा थोडक्यात आटोपतं, आणि पोटाखालून टिपटिपणारे चार थेंब मशीनचा शेवट ठरू शकतात.

जागा शोधायची सोपी रीत सांगते. फरशी पुसून कोरडी कर, मशीनखाली वर्तमानपत्र पसर आणि नुसता नळ सोडून रात्रभर ठेव. सकाळी कागद ओला असेल तर इनलेट पाइप, त्याचा वॉशर नाहीतर पाण्याचा व्हॉल्व्ह गळतोय. कागद कोरडा राहिला तर मशीन लाव आणि लक्ष ठेव. भांडी धुतली जात असताना पाणी आलं तर दार, फवाऱ्याचा पंखा किंवा पंप. पाणी बाहेर टाकताना आलं तर ड्रेनचा पाइप. एवढं सर्व्हिसवाल्याला सांगितलंस की तो उगाच भलताच पार्ट बदलणार नाही.

दारातल्या गळतीत बहुतेक वेळा मशीनचा दोष नसतो. भांडी घासायचं साधं लिक्विड आत गेलं की फेस होतो आणि तो दाराच्या फटीतून बाहेर येतो. मशीन एका बाजूला कललेलं असेल तरी तेच. झाऱ्याचा दांडा पंख्याला अडला, पंख्याला चीर गेली, तर पाण्याचा झोत थेट दारावर बसतो. रबरात, विशेषतः खालच्या कोपऱ्यांत, तेल आणि भाताची शितं साचतात; ओल्या फडक्याने पुसून बघ. तरीही गळालं तर कुकरची रिंग बदलतो तसं ते रबर बदलून टाक. एवढ्यासाठी मशीन काढू नये.

तळातलं पाणी मात्र गंभीरपणे घे. बऱ्याच मशीनच्या तळाशी थाळी असते आणि तिच्यात एक फ्लोट. पाणी साचलं की तो उचलला जातो, मशीन आत पाणी घेणं थांबवतं आणि पंप सुरू होतो. बॉशच्या मशीनवर तेव्हा ‘ई15’ दिसतं. मशीन तिरकं करून थाळीतलं पाणी काढलं की ते पुन्हा चालू होतं, आणि लोकांना वाटतं काम झालं. गळती तशीच असते. पंपाचं सील गेलं असेल तर ते बदलता येतं. आतल्या स्टीलच्या टाकीला गंजून भोक पडलं असेल तर पैसे घालू नको. बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्याला मीठ लागतंच, पण ते भरताना टाकीत सांडतं आणि पडून राहिलं की स्टील खातं. म्हणून मीठ भरलं की लगेच एकदा मशीन चालव.

आता पैशाचं. मशीनचं आयुष्य साधारण 10 वर्षं धर. पाच-सहा वर्षांच्या आतलं असेल आणि खर्च नव्याच्या निम्म्याहून बराच कमी येत असेल, तर दुरुस्त कर. आठ-नऊ वर्षांचं असेल आणि पंप, शिवाय भिजलेलं कंट्रोल बोर्ड, असे दोन्ही खर्च एकदम आले, तर नवं घे. मधल्या वयात पार्ट मिळतो का, हे आधी विचार. युरोपात 2021 पासून नव्या मॉडेलची विक्री थांबली तरी दाराचं रबर 10 वर्षं पुरवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. आपल्याकडे केंद्राने 2022 मध्ये ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. आपली कंपनी त्यात आहे का बघ. अंदाज लेखी घे, पार्ट आणि मजुरी वेगळी लिहायला सांग, कामाची वॉरंटी बिलावर हवी, आणि काढलेला जुना पार्ट मागून घे.

नवं घ्यायचं ठरलंच तर जुनं भंगारवाल्याला देऊ नको. 2022 च्या ई-कचरा नियमांत डिशवॉशरही येतो. कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये नाहीतर नोंदणीकृत केंद्रात दे. नव्याला जुना इनलेट पाइप जोडू देऊ नको, त्याच्यासोबत आलेलाच लावून घे. फिटिंग करणारा जाण्याआधी एकदा मशीन चालवायला लाव आणि नळाच्या जोडावर स्वतःचं कोरडं बोट फिरवून बघ.