लाखाचा इयरफोन आणि कानातलं रबर : दोन इन-इयर मॉनिटरची तुलना करताना माझी झालेली चूक



आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, प्राथमिक शिक्षिकेला लाखाच्या इयरफोनशी काय करायचंय? खरं आहे, माझ्याकडे तसला इयरफोन नाही आणि घ्यायचा विचारही नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे गेले होते तेव्हा एक गोष्ट घडली. त्यातून मला आवाज, कान आणि वर्गातलं एक लेकरू या तिन्ही गोष्टी नव्याने कळल्या. म्हणून सविस्तर लिहिते.

माझा मावसभाऊ साउंडचं काम करतो. कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग, मिक्सिंग वगैरे. त्याच्याकडे दोन भारी इन-इयर मॉनिटर होते. एक शूर कंपनीचा एसई-८४६ आणि दुसरा सेनहायझरचा आयई-९००. दादाला नवीन मायक्रोफोन घ्यायचा होता, त्यासाठी दोन्हींपैकी एक विकायचा होता. तो म्हणाला, "तू ऐकून सांग गं. माझे कान आता या दोघांना सवयीचे झालेत, मला फरक धड कळत नाही."

आधी थोडी माहिती. इन-इयर मॉनिटर म्हणजे कानाच्या नळीत आत बसणारा इयरफोन. मॉनिटर हे नाव रंगमंचावरून आलं. गायक-वादकांना मोठ्या आवाजात स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून ते वापरू लागले. १९९५ मध्ये जेरी हार्वी या साउंड इंजिनिअरने व्हॅन हेलन या अमेरिकन बँडच्या ड्रमरसाठी असा एक बनवला आणि पुढे त्यातून अल्टिमेट इयर्स ही कंपनी उभी राहिली. कलाकारांसाठी बनतात ते बहुधा कानाचा साचा घेऊन, दातांच्या कवळीसारखे, त्या एकाच माणसाच्या मापाचे. आपण दुकानातून घेतो ते मात्र सगळ्यांसाठी एकच. मग प्रत्येकाच्या कानात तो बसवायचं काम करतं पुढचं छोटंसं रबर. त्यालाच इयर टिप म्हणतात.

दादाचे दोन्ही मॉनिटर बनावटीने अगदी वेगळे. एसई-८४६ बाजारात आला २०१३ मध्ये, किंमत साधारण १००० डॉलर. त्यात प्रत्येक कानासाठी ४ बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर आहेत. ड्रायव्हर म्हणजे आवाज तयार करणारा भाग. बॅलन्स्ड आर्मेचर म्हणजे चुंबकांच्या मध्ये हलणारी बारीकशी पट्टी, हेच तंत्र श्रवणयंत्रातही असतं. आयई-९०० आला २०२१ मध्ये, साधारण १३०० डॉलरला. त्यात फक्त एकच ड्रायव्हर, तोही ७ मिलिमीटरचा, लाउडस्पीकरसारखा पडदा हलणारा, अॅल्युमिनियमच्या डबीत बसवलेला. ४ विरुद्ध १. मी मनात म्हटलं, चार म्हणजे चांगलाच असणार. (मुलांना आपण संख्येवरून दर्जा ठरवू नका म्हणतो, आणि स्वतः हेच करतो.)

पहिल्या संध्याकाळी मी दोन्ही ऐकले. गाणं एकच, तबला-डग्ग्याची साथ असलेलं. शूरमध्ये डग्गा कसा छान घुमला! सेनहायझरमध्ये डग्गा नुसता टप-टप, पोकळ. वरचे आवाज मात्र टोचत होते. मी निकाल देऊन टाकला, "दादा, महागडा विकून टाक. त्याला बेसच नाही." दादाने मान डोलावली आणि एका गिऱ्हाइकाला फोन केला. शनिवारी तो माणूस बघायला येणार असं ठरलं.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा सेनहायझर लावून बसले होते. कानावरचे केस मागे सारताना माझं बोट उजव्या मॉनिटरवर दाबलं गेलं आणि एकदम डग्गा आला. बोट काढलं, गेला. पुन्हा दाबलं, आला! मी दादाला हाक मारली. त्याने माझा कान बघितला, मग आपल्या कपाळावर हात मारला. शूरला फोमची टिप होती, ती फुगून माझ्या कानात गच्च बसली होती. सेनहायझरला मधल्या मापाचं सिलिकॉन होतं आणि माझ्या उजव्या कानाची नळी डाव्यापेक्षा मोठी असल्यामुळे तिथे फट राहत होती. म्हणजे दोन मॉनिटरची तुलना मी केलीच नव्हती. मी तुलना केली होती एका बंद दाराची आणि एका उघड्या दाराची.

फट पडली तर बेसच का जातो?

हे मुलांना समजावायला सायकलचा पंप उत्तम. पंपाचं वॉशर झिजलं की दांडा वरखाली होतो पण हवा भरत नाही, बाजूने निसटते. हळू दाबलं तर सगळीच निसटते, झटक्याने दाबलं तर थोडीतरी आत जाते. खर्जातले आवाज म्हणजे हवेचा संथ दाब, सेकंदाला ४०-५० वेळा पुढेमागे. छोट्या ड्रायव्हरने तयार केलेला हा दाब बंद नळीतच टिकतो. फट असली की हळू बदलणाऱ्या दाबाला बाहेर पळायला वेळ मिळतो. वरच्या पट्टीचे आवाज सेकंदाला हजारो वेळा बदलतात, त्यांना पळायला वेळच मिळत नाही. म्हणून फटीतून बेस जातो, ट्रेबल राहतो, आणि उरलेला आवाज चिरका वाटतो. मी सेनहायझरला जे दोन दोष दिले होते, बेस नाही आणि टोचतो, ते दोन्ही एकाच फटीचे होते.

दुसरी गोष्ट खोलीची. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारा, मग अर्धी पाण्याने भरून मारा. हवेचा खांब आखूड झाला की सूर वर जातो. कानाची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर. टिप जितकी आत, तितका तिच्या आणि पडद्यामधला हवेचा खांब आखूड, आणि वरच्या आवाजातला उंचवटा तितका वर सरकतो. त्यामुळे तोच मॉनिटर उथळ बसवला तर 'स', 'श' टोचू शकतात, खोल बसवला तर शांत होतात. बाजारातले आलेख कृत्रिम कानात मोजतात, त्यांत ८ हजार हर्ट्झच्या आसपास एक टोक दिसतं. ते बऱ्याच अंशी मापनाच्या नळीचं आणि बसवण्याच्या खोलीचं असतं. आपल्या कानात ते तिथेच असेल असं नाही. हे मला दादाने सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की आलेख बघून लाखाची वस्तू घेणारे किती धाडसी आहेत.

टिप कोणती घ्यावी?

शुक्रवारचा सगळा दिवस आमचा यातच गेला. मावशी चिडली, कारण फराळाचं ताट तसंच राहिलं. दादाकडे टिपांचा एक डबाच आहे, आपल्याकडे बटणांचा असतो तसा.

सिलिकॉन धुता येतं, टिकतं, लावायला सोपं. पण मापाच्या बाबतीत कडक, अर्धं माप चुकलं तरी फट. जपानच्या फायनल कंपनीच्या टिपा ५ मापांत मिळतात, हे मला आवडलं, कारण लहान-मध्यम-मोठं या तिघांच्या मधले कान खूप असतात. स्पिनफिटच्या टिपेचा वरचा भाग देठावर फिरतो, त्यामुळे वळणदार नळीत ती वळून बसते. फोम चिमटीत दाबून कानात घालायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. फोम कानाचा आकार घेतो, फट सहसा राहत नाही, पण ट्रेबल थोडा शोषतो, मळतो आणि काही महिन्यांत बदलावा लागतो. तीन छत्र्यांची टिप खूप आत जाते. बाहेरचा आवाज सर्वात जास्त तीच अडवते, पण मला तरी ती सहन झाली नाही.

टिपेच्या भोकाचाही फरक पडतो. रुंद भोकाने वरचे आवाज मोकळे येतात, अरुंदने ते थोडे दबतात. म्हणजे टोचणाऱ्या मॉनिटरला अरुंद किंवा फोम, मंद वाटणाऱ्याला रुंद. हा नियम नाही, सुरुवात आहे. आणि विकत घेण्याआधी नळीची जाडी बघा. शूरची नळी जेमतेम ३ मिलिमीटर, सेनहायझरची त्याहून बरीच जाड. एकाची टिप दुसऱ्याला बसत नाही. म्हणून 'दोन्हींना एकच टिप लावून तुलना करा' हा सल्ला इथे चालतच नाही. प्रत्येकाला त्याची आपल्या कानात नीट बसणारी टिप शोधायची आणि मगच तुलना करायची.

नीट बसली हे कसं कळणार? कानात घालून तोंड मिटून 'हं' असा हुंकार द्यायचा. दोन्ही बाजूंना स्वतःचा आवाज सारखाच घुमला पाहिजे. ज्या बाजूला कमी घुमेल तिथे फट. मग डग्गा किंवा पखवाज असलेलं गाणं लावून बोटाने हलकेच दाबायचं. दाबल्यावर बेस वाढला तर माप मोठं घ्या. मग तोंड उघडा, चावल्यासारखं करा, हसा. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. घालताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढला तर नळी सरळ होते. काढताना मात्र झटक्याने ओढू नका, थोडं फिरवून हवा आत जाऊ द्या, नाहीतर पडद्याला ताण बसतो. दोन्ही कानांना वेगवेगळं माप लागलं तर खुशाल लावा. माझं आता उजवीकडे मोठं, डावीकडे मधलं.

अजून एक चूक दादाने दाखवली. शूर त्याच फोनवर, त्याच आकड्यावर जास्त मोठा वाजत होता. थोडा मोठा आवाज आपल्याला नेहमी 'चांगला' वाटतो. म्हणून तुलना करण्याआधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यायचा, आणि नंतर आकड्याकडे बघायचं नाही.

एवढं सगळं केल्यावर मी पुन्हा ऐकलं. माझा निकाल असा : सेनहायझरचा खर्ज जास्त खोल जातो, आणि तंबोऱ्याच्या तारांचा झणकार त्यात स्वच्छ सुटा ऐकू येतो. शूरमध्ये गळा जवळ येतो, भावगीत ऐकायला तोच गोड. पण त्यात वरची चमक थोडी झाकलेली आहे. रेकॉर्डिंगमधले दोष शोधायला मी पहिला घेईन, रात्री गाणी ऐकायला दुसरा. 'बेसच नाही' हे माझं वाक्य साफ खोटं ठरलं. दादाने गिऱ्हाइकाला फोन करून नको म्हणून कळवलं आणि महिनाभराने शूर विकला.

पालकांसाठी एक महत्त्वाचं. फट असली की बेस कमी वाटतो आणि मुलं आवाज वाढवतात. वाढतो तो सगळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास अशी मर्यादा आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा. नीट बसणाऱ्या टिपेत बाहेरचा गोंगाट अडतो, त्यामुळे कमी आवाजात भागतं. तरी प्राथमिकच्या मुलांना कानावर बसणारा हेडफोनच द्यावा असं माझं मत आहे. एकमेकांच्या कानातल्या टिपा वापरणं तर अजिबात नको, आणि लहान भावंडांनी टिप गिळण्याची भीती वेगळीच.

आता वर्गातलं लेकरू. आमच्या तिसरीत टॅबवर कविता ऐकवायचा तास असतो. एक मुलगी दर वेळी म्हणायची, "बाई, मला नीट ऐकू येत नाही." इयरफोन सारखा निसटायचा, ती हाताने धरून बसायची. मी एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बाकीच्यांना येतं, तुलाच कसं येत नाही? लक्ष नसतं तुझं." दिवाळीनंतर मला पहिली तीच आठवली. तिच्या एवढ्याशा कानात मोठ्यांच्या मापाचं रबर होतं. वर्गणी काढून आम्ही दोन हेडफोन घेतले आणि तिला लावायला दिले.

डाव्या कानाने तिला छान ऐकू आलं. उजव्याने तरीही कमीच. मी हेडफोन उलटा करून लावला, तरी उजवाच. म्हणजे दोष यंत्रात नव्हता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं तेव्हा मी तिचं नाव सर्वात वर लिहून दिलं. उजव्या कानात मळ दगडासारखा घट्ट बसलेला निघाला. डॉक्टरांनी आधी थेंब दिले, मग आठवड्याने रुग्णालयात बोलावून तो काढला. आईने सांगितलं, घरीही ती टीव्हीजवळ डावीकडे मान वाकडी करून बसायची, सगळ्यांना ती खोडच वाटली होती.

सोमवारी वर्गात, ज्यांच्यासमोर मी बोलले होते त्यांच्याच समोर, मी तिला म्हणाले की चूक माझी होती. ती लाजली आणि हेडफोन मागायला पुढे आली.