डिझेल आत जात नाही? आधी हवेची वाट बघा

नोझल लावलं की दोन लिटरांत टक. पुन्हा दाबलं, पुन्हा टक. तिसऱ्यांदा तोंडाशी फेस येतो आणि डिझेल बाहेर उसळतं. पंपावरचा पोरगा म्हणतो, "टाकी फुल्ल झाली." काटा मात्र पावाच्या वर सरकलेला नसतो. मागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवत असते, म्हणून आपण थेंबथेंब भरून निघतो आणि पुढच्या खेपेला तेच. पिकअप आणि छोट्या ट्रकमध्ये हा त्रास जास्त दिसतो. त्यासाठी लगेच टाकी उतरवायची गरज नसते. बहुतेक वेळा दोष टाकीच्या बाहेरच सापडतो, फक्त शोध ठरावीक क्रमाने घ्यावा लागतो.

आत काय घडतं

साध्या नोझलमधून मिनिटाला साधारण ४० लिटर डिझेल पडतं. म्हणजे तेवढ्याच वेळात टाकीतून ४० लिटर हवाही बाहेर पडली पाहिजे. नरसाळं बाटलीच्या तोंडावर घट्ट बसलं की रॉकेल अडतं आणि नरसाळं किंचित उचललं की झरझर उतरतं, तोच हा प्रकार. ट्रकच्या टाकीचं तोंड रुंद आणि थेट वर असतं, त्यामुळे हवा नोझलच्या बाजूनेच निघून जाते. पिकअपला मात्र बाजूच्या तोंडापासून टाकीपर्यंत लांब नळी असते. तिच्या जोडीला हवेसाठी एक बारीक नळी असते. ही बारीक नळी तुंबली की डिझेल वर चढतं. नोझलच्या टोकाशी एक छोटं भोक असतं. ते डिझेलने किंवा फेसाने झाकलं गेलं की आतला पडदा ओढला जातो आणि नोझल कट होतं. नोझल आपलं काम चोख करत असतं. त्याला टाकी भरली की नळी, एवढंच कळत नाही.

हाताशी काय हवं

एलईडी बॅटरी, स्क्रू ड्रायव्हर, पान्यांचा संच, सायकलचा हवापंप, पसरट पत्र्याचं भांडं, फडकी, हातमोजे, नव्या जुबली क्लिपा आणि बादलीभर कोरडी माती.

आधी काळजी

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. काम मोकळ्या हवेत करा. डिझेल पेट्रोलइतकं चटकन पेटत नाही, म्हणून विडी-सिगारेट चालते असं समजू नका. सांडलेल्या डिझेलवर माती टाका, पाणी ओतू नका. गाडीखाली जायचं असेल तर ती नुसत्या जॅकवर ठेवू नका.

कृती

१. टाकी खरंच रिकामी आहे का? ट्रक असेल तर स्वच्छ, कोरडी काठी सरळ टाकीत सोडा आणि ओल कुठवर आली ते बघा. पिकअपची नळी वाकडी असल्याने काठी जात नाही, तिथे हिशेब करा. समजा टाकी ६० लिटरची आहे, मागच्या वेळी पूर्ण भरली होती, त्यानंतर गाडी ३०० किलोमीटर चालली आणि ॲव्हरेज १२ चं आहे. म्हणजे २५ लिटर संपलं. काटा 'रिकामी' दाखवत असला आणि नोझल २५ लिटरांवर कट झालं, तर टाकी भरलीच आहे. खोटं बोलतोय तो काटा, दोष फ्लोटचा किंवा वायरिंगचा. पुढच्या पायऱ्यांची गरज नाही.

२. पंप बदलून बघा. हायवेवर ट्रकसाठी असलेल्या मोठ्या नोझलचा वेग साध्याच्या दुपटीच्या पुढे असतो, पिकअपच्या नळीला तो झेपत नाही. साधं नोझल मागा, खटका अर्धाच दाबायला सांगा, नोझल इंचभर मागे घ्या, थोडं फिरवून तिरकं धरा. एवढ्याने सुरळीत भरलं, तर फेसाचा त्रास होता. दोन वेगळ्या पंपांवर हळू भरूनही कट होत असेल, तर दोष गाडीत आहे.

३. तोंडात बॅटरी मारून बघा. डिझेलचोरी टाळण्यासाठी बरेच मालक तोंडात जाळी किंवा अडसर बसवून घेतात. जाळीची भोकं बारीक असली की डिझेल तिथेच फेसाळतं. जाळी निघत असेल तर काढा, डिझेलमध्ये ब्रशने धुवा आणि उजेडाकडे धरून प्रत्येक भोक मोकळं झालंय का ते बघा. काळा, बुळबुळीत थर दिसला तर टाकीत पाणी साठलंय. तळाचा बोल्ट सोडून पाणी काढा आणि डिझेल फिल्टरही तपासा. जाळीत सळई खुपसून भोकं मोठी करू नका, तुकडे टाकीत पडतात. मोठ्या भोकांची जाळी बसवा.

४. बारीक नळीचा माग काढा. तोंडापासून टाकीकडे दोन नळ्या जातात. जाड ती डिझेलची, बारीक ती हवेची. बारीक नळीवरून टोकापासून टोकापर्यंत हात फिरवा. तीन गोष्टी शोधायच्या आहेत. पहिली, दुमड. मागची बॉडी नवीन बसवली असेल किंवा वायरिंगची पट्टी आवळताना नळीही आवळली गेली असेल, तर ती हमखास तिथेच चेपलेली असते. दुसरी, झोळ. नळी मधेच खाली लोंबली की त्या खोलगट भागात डिझेल साठतं आणि हवा अडते. नळी वर उचलून बांधली की काम झालं. तिसरी, बुजलेलं तोंड. काही गाड्यांत हवेच्या नळीचं टोक चेसिसजवळ उघडं सोडलेलं असतं. उसाचा हंगाम संपल्यावर पावसाळाभर दारात उभ्या राहिलेल्या गाडीच्या अशा नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. वरून काही दिसत नाही, पण बोटाने चाचपलं की कडक मातीचा बूच लागतो. तो पिनेने कोरून बाहेर काढा, आत ढकलू नका.

५. हवा मारून खात्री करा. खाली भांडं ठेवा, टाकीचं झाकण उघडं ठेवा. बारीक नळीची तोंडाकडची क्लिप सैल करून नळी काढा आणि सायकलच्या पंपाने हळू हवा सोडा. टाकीतून गुडगुड किंवा फुसफुस ऐकू आली, तर वाट मोकळी आहे. पंपाचा दट्ट्या दाबला जात नसेल, तर नळीचं टाकीकडचं टोकही सोडा आणि नुसत्या नळीत हवा मारा. नळी मोकळी निघाली, तर अडथळा टाकीवरच्या झडपेत. गाडी उलटल्यास डिझेल सांडू नये म्हणून ही झडप असते. ती मातीने किंवा गंजाने चिकटली तर बदलावी लागते, काढून टाकून काम भागवू नका. गॅरेजच्या कंप्रेसरची हवा इथे मारायची नाही, टाकी फुगते आणि डिझेल तोंडावर उडतं. नळीला तोंड लावून ओढणंही टाळा. डिझेल छातीत गेलं तर जिवावर बेततं.

६. जाड नळी आतून बघा. जुन्या रबरी नळीचा आतला थर सुटून पापुद्र्यासारखा लोंबतो. बाहेरून नळी धडधाकट दिसते, आत मात्र पडदा पडलेला असतो. नळी काढून आरपार बघा, वाकवून पुन्हा बघा. आत फुगवटा किंवा भेग दिसली तर नळी बदला. नवी नळी त्याच मापाची आणि डिझेलसाठीचीच घ्या. पाण्याचा पाईप तात्पुरता म्हणूनही नको, डिझेलने तो फुगतो.

७. आता टाकीकडे वळा. इथवर सगळं मोकळं निघालं, तरच टाकी उतरवायचा विचार करा. टाकी चेपली असेल तर तिच्यात मावणारं डिझेलच कमी झालेलं असतं. दोन टाक्यांच्या ट्रकमध्ये एक भरते आणि दुसरी भरत नाही असं असेल, तर मधला जोडपाईप किंवा त्याचा कॉक तपासा. टाकी उतरवण्याआधी रिकामी करा. २०० लिटर डिझेलचं वजनच १६५ किलोच्या आसपास भरतं. रिकाम्या टाकीवर वेल्डिंग करायला कुणी सुचवलं, तर साफ नकार द्या. आत उरलेल्या वाफेने टाकीचा स्फोट होतो.

८. जोडा आणि भरून बघा. क्लिपा नव्या लावा, आवळताना रबर कापणार नाही एवढंच बघा. आधी १० लिटर हळू भरा, खाली पुठ्ठा टाका आणि डाग पडतो का ते बघा. मग नेहमीच्या वेगाने भरा. पहिल्या 'टक'ला थांबा. तोंडापर्यंत भरलेलं डिझेल उन्हात वाढतं. २०० लिटर डिझेल १५ अंशांनी तापलं तर अडीच लिटरच्या आसपास जास्त जागा मागतं आणि ती नसेल तर बाहेर येतं.

थोडक्यात निदान

- लगेच कट होतं, हळू भरलं की जातं: फेस, जाळी किंवा अर्धवट तुंबलेली हवेची नळी.
- कितीही हळू भरलं तरी उसळतं: हवेची नळी पूर्ण बंद किंवा जाड नळीचा आतला थर सुटलेला.
- ठरावीक लिटरांवरच थांबतं: काटा, फ्लोट किंवा चेपलेली टाकी.
- भरताना त्रास नाही, पण चालवल्यावर झाकण उघडताना जोरात हवा आत ओढली जाते: झाकणातलं हवेचं भोक बंद. गाडी चढावर दम सोडत असेल, तर तेही याच कारणाने असू शकतं.

बऱ्याच बीएस-६ गाड्यांना निळ्या झाकणाची दुसरी छोटी टाकी असते, ती युरियाच्या द्रावणाची. ती भरत नसेल तर तोंडाशी पांढरे खडे साचलेत का बघा आणि कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून काढा. ते द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर किल्लीला हात लावू नका, गाडी सुरू न करता टाकी रिकामी करून घ्या.

गॅरेजला जायची वेळ आलीच, तर 'टाकी भरत नाही' एवढंच सांगू नका. किती लिटरांवर कट होतं, हळू भरल्यावर काय होतं आणि हवा मारल्यावर आवाज येतो का, हे तिन्ही सांगा. म्हणजे फिटर हवेच्या नळीपासून सुरुवात करेल आणि टाकी उतरवण्याची मजुरी वाचेल.