पुरांत भिजलेली बॅटरी

गेल्या पावसाळ्यांत विज्ञानाच्या तासाला एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, आमच्या स्कूटरची बॅटरी पुराच्या पाण्यांत बुडाली. चार दिवस उन्हांत वाळविली, म्हणजे पुन्हां चार्ज करावयास हरकत नाहीं ना?" प्रश्न साधा होता, परंतु उत्तर एका वाक्यांत देण्याजोगें नव्हतें. जगबुडी भरून वाहूं लागली कीं खेडच्या बाजारपेठेंत पाणी शिरतें, हें आम्हां सर्वांस ठाऊकच आहे. जुलै २०२१ चा पूर कोण विसरेल? शिवाय विजेवर चालणाऱ्या दुचाकी आतां गांवोगांवीं दिसूं लागल्या आहेत. म्हणून तें उत्तर विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं येथें विस्तारानें देत आहों.

स्कूटरच्या पेटींत अनेक लहान लहान विद्युत्घट एकमेकांस जोडलेले असतात. प्रत्येक घटांत दोन अग्रें, त्यांच्यामध्यें केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा, आणि सर्वत्र भिनलेला एक ज्वालाग्राही द्रव. चार्ज करतांना लिथियमचे आयन एका अग्राकडून दुसऱ्याकडे जातात. गाडी चालतांना ते परत फिरतात. ह्या बॅटरीच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघां शास्त्रज्ञांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु तिची सुरक्षितता त्या पडद्यावर फार अवलंबून आहे. पडदा फाटला किंवा वितळला, म्हणजे अग्रें एकमेकांस भिडतात, घट तापतो, आणि तो शेजारच्या घटास पेटवितो. फटाक्यांच्या माळेस एका टोकाला बत्ती दिल्यावर पुढें काय होतें, तें मुलांस सांगणें नको. पुष्कळ प्रकारच्या घटांत तापलेल्या अग्रांतून प्राणवायूही सुटतो. म्हणून वाळू टाकून किंवा घोंगडें घालून ही आग गुदमरत नाहीं.

आतां पुराचें पाणी. त्यांत गाळ, क्षार व गटारांतील घाण मिसळलेली असते, आणि असें पाणी विजेला वाट करून देतें. पेटींत शिरल्यावर तें घटांच्या जोडांवर आणि घटांवर देखरेख ठेवणाऱ्या नियंत्रक यंत्रावर पसरतें. उन्हानें पाणी उडून जातें. क्षार मात्र मागें राहतात. मिठागर पाहिलेल्यास हें लगेच पटेल. त्या क्षारांखालीं धातु गंजतो, कोंकणच्या दमट हवेनें तो थर पुन्हां ओला होतो, आणि वीज नको तेथून वाहूं लागते. सप्टेंबर २०२२ मध्यें अमेरिकेंतील फ्लोरिडांत इयान नांवाचें वादळ झालें. तेव्हां समुद्राच्या पाण्यांत बुडालेल्या कांहीं विजेच्या मोटारी पाणी ओसरून गेल्यावर उभ्या जागीं पेटल्या. आमच्या नदीच्या पुराचें पाणी तितकें खारट नसतें हें खरें. तेवढ्यानें निश्चिंत होतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, पेटीवर तर 'आयपी ६७' असें छापलेलें आहे. त्याचा अर्थ इतकाच कीं, अशी पेटी १ मीटर खोल पाण्यांत ३० मिनिटें टिकावी. जगबुडीचा पूर घड्याळ पाहून ओसरत नाहीं!

भिजलेल्या बॅटरीइतकाच विचार चांगल्या बॅटरीच्या जागेचाही करावयास हवा. सप्टेंबर २०२२ मध्यें वसई येथें घरांत रात्रीं चार्ज करण्यास लावलेली बॅटरी पहाटे फुटली. जवळ निजलेला सात वर्षांचा मुलगा भाजला व कांहीं दिवसांनीं दगावला. त्याच वर्षीं मार्चमध्यें वेल्लोर येथें चार्ज होत असलेली स्कूटर पेटली आणि घरांत कोंडलेल्या धुरानें एक बाप व त्याची मुलगी गुदमरून गेलीं. ह्या घटनांनंतर केंद्र सरकारनें बॅटरीच्या परीक्षेचे नियम कडक केले. ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनीं लागू झाले. परंतु त्यापूर्वीं विकलेल्या गाड्या अद्याप रस्त्यावर आहेत.

ओटीवर दाराशेजारीं बॅटरी लावून माजघरांत निजणें, ही पद्धत आम्हांस सर्वांत भयंकर वाटते. आग लागली तर बाहेर पडण्याची वाटच बंद. पडवींत किंवा अंगणांत छपराखालीं, लाकूडफाटा व पेंढा यांपासून दूर, घरचीं माणसें जागीं असतांना चार्ज करावें. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर बॅटरी निवूं द्यावी. चार्जर त्याच गाडीचा असावा. बॅटरी फुगली, सूं सूं आवाज करूं लागली, किंवा तिला औषधी उग्र वास येऊं लागला, तर तिच्याजवळ जाऊं नये. सर्वांस बाहेर काढून दार ओढून घ्यावें व १०१ क्रमांकावर कळवावें. तो धूर विषारी असतो. प्रयोगशाळेंत सोडियम पाण्यांत टाकल्यावर पेट घेतांना पाहिलेलीं मुलें येथें शंका काढतात. पण ह्या घटांत लिथियम बहुतेक संयुगरूपांत असतें, आणि बंबवाले ही आग थंड करण्यास भरपूर पाणीच वापरतात.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं 'नाहीं' असें उत्तर दिलें. वडिलांनीं बॅटरी घरापासून दूर मोकळ्या जागेंत नेऊन ठेवली, भंगारवाल्यास दिली नाहीं, आणि विक्रेत्यास कळविलें. विक्रेता म्हणाला, "वाळली आहे, लावून तर पाहा." नव्या बॅटरीची किंमत त्या घरास न झेपणारी होती, तरी वडिलांनीं तें ऐकलें नाहीं. दिवाळीपर्यंत तो मुलगा एस.टी.नें शाळेंत येत होता.