हिशोब डोळ्यांना दिसू द्या: पॉवरपॉइंटमधले आकार



आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र म्हणजे हिशोबाच्या अचूक नोंदी. नोंदी आपण ठेवतो, वार्षिक सभेत वाचूनही दाखवतो. पण जिला वाचता येत नाही, त्या ताईच्याही कष्टाचा पैसा त्यात असतोच ना? तिलाही हिशोब समजला पाहिजे. म्हणून या अंकात शिकू या, पॉवरपॉइंटमध्ये आकार काढून हिशोब कसा दाखवायचा.

हे आपल्याला नवीन नाही बरं का. पीआरएमध्ये आपण रांगोळीने गावाचा नकाशा काढतो, चपाती आकृती मांडतो. जी संस्था गावाला महत्त्वाची, तिची चपाती मोठी. स्क्रीनवरही तसंच करायचं.

समजा, गटाची बचत 2 लाख, बँकेचं कर्ज 4 लाख आणि फेडलेली मुद्दल 3 लाख रुपये आहे.

1. कोरी स्लाइड घ्या. वर 'इन्सर्ट' मध्ये जाऊन 'शेप्स' वर क्लिक करा. चौकोन निवडा आणि माउस दाबून ओढा. झाला पहिला खांब, बचतीचा.

2. खांब निवडलेला असताना वर 'शेप फॉरमॅट' दिसतं. त्यात उजव्या टोकाला उंची आणि रुंदीचे खोके आहेत. लाखाला 1 इंच धरा. बचतीची उंची 2 लिहा, रुंदी 1.5. तुमच्याकडे सेंटीमीटर दिसत असेल तर लाखाला 2 सेंटीमीटर धरा, रुंदी 3.

3. कंट्रोल आणि डी दाबा, तसाच दुसरा खांब येईल. असे दोन करा. कर्जाची उंची 4, परतफेडीची 3. रुंदी मात्र बदलायची नाही.

4. 'शेप फिल' मधून तिन्हींना वेगवेगळे रंग द्या. खांबावर क्लिक करून थेट टाइप केलं की आकडा आत बसतो.

5. खांब बचत, कर्ज, परतफेड अशा क्रमाने ठेवा. शिफ्ट दाबून तिन्ही निवडा, मग 'अलाइन' मधून 'अलाइन बॉटम' घ्या. खांब एका पायावर उभे राहतील. शेवटी कंट्रोल आणि जी दाबलं की तिन्ही एकत्र बांधले जातात, हलवताना विस्कटत नाहीत.

एक जपायचं. पैसा दाखवायला गोल वापरू नका. गोलाची रुंदी दुप्पट केली की आतली जागा चौपट होते. मग 4 लाखांचं कर्ज बघणाऱ्याला 8 लाखांसारखं वाटेल. आकडा खरा, पण चित्र खोटं!

सभेआधी ही स्लाइड न वाचू शकणाऱ्या एखाद्या ताईला दाखवा आणि विचारा, "कर्ज किती फेडायचं राहिलं?" तिने दोन खांबांमधल्या फरकावर बोट ठेवलं, की समजा स्लाइड जमली. पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक गटाने आपल्या आकड्यांची एक स्लाइड करून आणा. सोबत बघू, दुरुस्त करू.