गुडघ्याजवळची हाडाची गाठ : पाय वाचवायचा कसा?

मुलांनो, शरीरातलं सगळ्यात लांब हाड मांडीचं, हे तुम्हाला माहीत आहे. पण हाड मधून वाढत नाही, टोकांशी वाढतं. तिथे कूर्चेची एक पट्टी असते. पायाची बरीचशी लांबी गुडघ्याच्या वरच्या आणि खालच्या पट्टीतूनच मिळते. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग जास्त करून इथेच होतो, तोही भराभर उंची वाढण्याच्या वयात.

पूर्वी उपाय एकच, पाय कापायचा. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा उजवा पाय १९७७ मध्ये गुडघ्याच्या वरून कापला. वय १८. कर्करोग संशोधनासाठी पैसे जमवायला १९८० मध्ये तो कृत्रिम पायावर धावत निघाला. १४३ दिवसांत ५३७३ किलोमीटर! मग रोग फुप्फुसांत निघाला, धावणं थांबलं, १९८१ मध्ये तो गेला. म्हणजे पाय कापला तरी रोगाच्या पेशी आधीच रक्तातून पुढे गेलेल्या असू शकतात. म्हणून आता बहुधा आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, नंतर पुन्हा केमोथेरपी देतात.

आंब्याचा किडका भाग काढताना आपण थोडा चांगला गरही कापतो ना? तसंच डॉक्टर गाठ न फोडता, भोवतीच्या निरोगी थरासकट काढतात आणि तिथे धातूचा सांधा बसवतात. वाढत्या मुलांसाठी पुढे लांब करता येणारा सांधाही असतो. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात काही वेळा रुग्णाचंच हाड बाहेर काढून, साफ करून, किरण देऊन परत बसवतात. आणखी एक अजब रीत आहे. गुडघ्याचा भाग काढून खालचा पाय अर्धा फिरवून मांडीला जोडतात. पाऊल उलटं, टाच पुढे! पण मग घोटाच गुडघ्याचं काम करतो आणि कृत्रिम पाय लावून मूल पळू शकतं. दिसायला विचित्र, पण मला तरी ही रीत सगळ्यात हुशारीची वाटते.

मुख्य रक्तवाहिन्या नि नसा गाठीत अडकल्या असतील तर मात्र आजही पाय कापावा लागू शकतो.

पालकांनो, प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण "खेळताना लागलं असेल" म्हणून महिनाभर तेल चोळत बसू नका. रात्री दुखतंय, सूज उतरत नाही, तर एक्स-रे काढा. गाठीचा तुकडा तपासायला घ्यायचा तर शस्त्रक्रिया जिथे होणार तिथेच घ्यावा. सुईची वाटसुद्धा नंतर गाठीबरोबर काढावी लागते. ती भलत्या जागी असली तर वाचणारा पायही जाऊ शकतो.