दस्तास नोटरीचा दाखला कसा जोडावा

भूम तालुक्यांतील ईट व आसपासच्या गांवांच्या शेतकरी बंधूंस मुखत्यारपत्र, प्रतिज्ञापत्र किंवा इसाराचा करार अशा कांहीं ना कांहीं कारणानें नोटरीकडे जावें लागतेंच. तेथें शिक्का उठला कीं नाहीं एवढेंच आपण पाहतों. दाखला कोणत्या कागदावर लिहिला हें पाहत नाहीं.

फसवणुकीस वाव मिळतो तो येथेंच. समजा, पुण्यास नोकरीवर असलेल्या एका गृहस्थानें पिकाची देखरेख करण्यापुरतें मुखत्यारपत्र पुतण्यास लिहून दिलें. कागद तीन, दाखला चवथ्या सुट्या कागदावर, त्यांत ‘माझ्यासमक्ष सही केली’ एवढाच मजकूर, आणि सर्व टांचणीनें अडकविलेले. टांचणी काढून मधला कागद बदलण्यास किती वेळ लागतो? देखरेखीच्या जागीं कर्ज काढण्याचा अधिकार येऊन बसतो, आणि शेवटची सही व शिक्का मात्र खरेच राहतात.

यास्तव दाखला शक्य तोंवर सहीच्याच पानावर, सहीच्या लगत खालीं असावा. जागा नसल्यास निराळा कागद घ्यावा. पण मग त्यावर दस्ताचा प्रकार, तारीख, लिहून देणाराचें नांव, पानांची संख्या व नोटरीच्या नोंदवहींतील अनुक्रमांक इतकें आलेंच पाहिजे. पानें दोऱ्यानें शिवावीं, प्रत्येकावर देणाराची व नोटरीची सही घ्यावी, आणि शिक्का दोन पानांच्या सांध्यावर असा उठवावा कीं अर्धा एकावर व अर्धा दुसऱ्यावर पडेल. नियमाप्रमाणें हा शिक्का गोल, 5 सेंटिमीटर व्यासाचा असतो. तेव्हां समास पुरेसा सोडावा. आमचे लेखनिक कागद वांचविण्याच्या हौसेनें समासच ठेवीत नाहींत! अंगठा करणारास मजकूर वाचून दाखविल्याचा उल्लेखही दाखल्यांत हवा. 1952 च्या नोटरी कायद्याप्रमाणें सही व अधिकृत शिक्का हीं दोन्हीं असल्याविना तें नोटरीचें कृत्यच ठरत नाहीं.

मात्र दाखला कितीही नीट जोडला तरी तो नोंदणीची जागा घेत नाहीं. शंभर रुपये व त्यावरील किंमतीच्या जमिनीचें खरेदीखत 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणें दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेंच लागतें. सही कोणी केली हें नोटरी सांगतो. जमीन कोणाची हें नव्हे.

निजामाच्या अमदानींतील, म्हणजे 1948 पूर्वींचे उर्दू कागद आपल्याकडे पुष्कळ घरीं आहेत. भाषांतर करण्याचा व तें पडताळण्याचा अधिकार नोटरीस कायद्यानें दिला आहे. अशा वेळीं मूळ कागदाची नक्कल व भाषांतर हीं एकत्र शिवून त्यांवर दाखला घ्यावा. जीर्ण झालेल्या मूळ कागदास सुई किंवा शिक्का लागूं देऊं नये.