भारतनेटची तार : पाट की कडे?

भाताची आवणी केव्हा धरावी हे ठरविण्यास चिंचोटी परिसरातील शेतकऱ्यास हवामानाचा अंदाज वेळेवर हवा. त्यासाठी इंटरनेट अखंड पाहिजे. ग्रामपंचायती काचतंतूच्या तारेने जोडण्याची केंद्र सरकारची योजना २०११ साली मंजूर झाली. २०१५ पासून तिला ‘भारतनेट’ म्हणतात. तार पंचायतीत पोहोचते, पण चालू राहत नाही. मग सरकारी पैसा जमिनीत का पुरावा, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच गैर नाही. एकेरी तार पाटासारखी असते : एके ठिकाणी फुटली की पुढील गावे कोरडी. म्हणून १,३९,५७९ कोटी रुपयांच्या, २०२३ च्या सुधारित योजनेत तारेचे कडे करण्याचे ठरले. एक बाजू तुटल्यास दुसरीकडून सेवा चालते. तरीही शेतकऱ्याने चर खणण्यापूर्वी तारेचा मार्ग विचारावा व ग्रामकार्यकर्त्याने तो जागेवर जाऊन दाखवावा.